नगरची तोफ आणि वाटेवरचे देव

"वाटेवरच तर आहे," हे वाक्य कुणी माझ्यासमोर उच्चारलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. माझ्या सासरी ते येता-जाता उच्चारलं जातं. सासरच्यांच्या हिशोबानं महाराष्ट्रातलं प्रत्येक देऊळ प्रत्येक गावाच्या वाटेवर आहे. तुम्ही उत्तरेला निघा, दक्षिणेला निघा, नाहीतर गच्चीवर वाळत घातलेले पापड आणायला निघा, मध्ये एक देव लागणारच. तो लागला की गाडी थांबणार, आपण रांगेत उभं राहणार, आणि रांगेतून बाहेर येईपर्यंत ज्यासाठी घरातून निघालो होतो ते बंद झालेलं असणार.

मला देवाचं वावडं नाही. घरात देव्हारा आहे आणि सकाळचा दिवा मीच लावते. पण देवाचं नाव पुढं करून लहान मुलांच्या तोंडाला पानं पुसली जातात, तेव्हा मला राग येतो. तो राग मी बरीच वर्षं गिळला. गिळून गिळून पित्त झालं, पण सहल काही झाली नाही.

आम्ही भिंगारला राहतो. नवरा लष्कराच्या एका कचेरीत कारकून आहे, मी एका शाळेत गणित शिकवते. मोठी लेक सहावीत, धाकटा पहिलीत. सासूबाई आणि मोठे दीर देवळाली प्रवऱ्याला, तिथं ऊस आहे, घर आहे, आणि दिरांची सात सीटची गाडी आहे. ही गाडी आमच्या सगळ्या सहलींची मालकीण. गाडी दिरांची म्हणजे रस्ता दिरांचा, आणि रस्ता दिरांचा म्हणजे वाटेवरचे देवही दिरांचेच.

दोन वर्षांपूर्वी मी लेकीला वेरूळची लेणी दाखवायचं कबूल केलं होतं. लेण्यांच्या दारापर्यंत आम्ही गेलोही. पण घृष्णेश्वर अगदी शेजारी, तेव्हा आधी दर्शन उरकून घेऊ असं ठरलं. दर्शन उरकायला आख्खा दिवस गेला. परतताना लेणी बंद झालेली. लेकीनं गाडीच्या काचेला नाक लावून डोंगर पाहिला. त्याच्या पुढच्या वर्षी रायगड ठरला होता. तेव्हा जेजुरी वाटेवर आली. मग मोरगाव वाटेवर आलं. मग दिरांना ऊसतोडीचा फोन आला आणि आम्ही तिथूनच मागं फिरलो. लेक केसांत भंडारा घेऊन घरी आली. सुट्टी संपल्यावर शाळेत 'मी पाहिलेला किल्ला' असा निबंध आला, तेव्हा तिनं नगरच्या भुईकोटावर लिहिलं. तो आमच्या घरापासून जवळ आहे म्हणून.

दोन्ही वेळा मी नवऱ्याला म्हटलं होतं की आधी मुलांचं दाखवू, मग देव. दोन्ही वेळा तो म्हणाला, "बघू."

या 'बघू'बद्दलही बोललं पाहिजे. माझा नवरा वाईट माणूस नाही. तो कधी आवाज चढवत नाही, कुणाला नाही म्हणत नाही. तो फक्त 'बघू' म्हणतो. भावाला बघू, आईला बघू, बायकोला बघू. आणि शेवटी सगळ्यात मोठ्यानं जो बोलेल त्याच्या मागं चालू लागतो. लग्नानंतर मला वाटलं होतं, बघू म्हणजे हा माणूस विचार करतोय. नंतर कळलं की बघू म्हणजे नाही, फक्त त्याला चप्पल काढून, पाय न वाजवता यायची सवय आहे.

यंदा जूनमध्ये लेक शाळेतून आली ती दप्तर न टाकताच भांडायला लागली. इतिहासाच्या बाईंनी सांगितलं होतं की विजापूरच्या बुरुजावर एक प्रचंड तोफ आहे, आणि ती आपल्या नगरात ओतलेली आहे. निजामशाहीत, इथंच.

"मग ती तिकडं कशी? आपली आहे ना?"

मी म्हटलं, लढायांमध्ये गेली असेल, तोफा जातात अशा. तिचं समाधान झालं नाही. तिनं माझ्या मोबाईलवर तोफेचा फोटो शोधून काढला. तोफेचं तोंड म्हणजे जबडा वासलेलं एक जनावर, आणि त्याच्या दातांत सापडलेला एवढासा हत्ती. ते चित्र तिनं काढलं आणि फ्रीजवर चिकटवलं. धाकट्याला ती रोज दाखवायची, "ही आपली नगरची तोफ." एवढं मोठं जड धूड बैलांनी आणि हत्तींनी कुठल्या रस्त्यानं नेलं असेल, सोलापूर रस्त्यानंच का, यावर दोघांची जेवताना चर्चा चालायची. मी शाळेत शिकवते. एखाद्या पोराला असं काही आतून लागलेलं फार वेळा बघायला मिळत नाही, हे मला माहीत आहे.

तेव्हा मी म्हटलं, "दिवाळीच्या सुट्टीत विजापूरला जाऊ."

तिनं वर पाहिलं आणि विचारलं, "खरंच, का वेरूळसारखं?"

ती कुत्सितपणे म्हणाली असती तर मी रागावले असते. तिनं अगदी सरळ विचारलं होतं, वांगी भाजीची का भरताची असं मंडईत विचारावं तसं. दोन प्रकारचं 'जाऊ' असतं हे तिच्या हिशोबात पक्कं बसलेलं होतं, तिला फक्त यातलं कुठलं ते हवं होतं. मला त्या क्षणी सगळ्यांचा राग आला. दिरांचा, नवऱ्याचा आणि त्या सात सीटच्या गाडीचा.

"खरंच," मी म्हटलं. "तोफेला हात लावूनच परत यायचं."

हे मी दिलेलं वचन होतं, आणि ते मोडलं तर तिसऱ्यांदा मोडणार होतं. चौथं वचन तिनं माझ्याकडून घेतलंच नसतं.

आता एवढी शहाणी असूनही मी गाडीचा विषय काढलाच. दोन मुलं घेऊन जायचं, घरची गाडी असताना बसनं कशाला, असं नवरा म्हणाला, आणि मी मान डोलावली. दिरांनी लगेच मोबाईलवर ग्रुप काढला. ग्रुपचं नाव 'विजापूर सहल', वर गोलघुमटाचा फोटो. मी लेकीला तो दाखवला. ती म्हणाली, "छान आहे." पण उडी वगैरे मारली नाही.

पहिल्या आठवड्यात ग्रुपवर दिरांचा निरोप आला की सोलापूरवरूनच जायचंय तर तुळजापूर वाटेवरच आहे. सासूबाईंचा एक नवस फेडायचा राहिलाय, त्यांनाही घेऊ. मी म्हटलं, ठीक आहे, आई येऊ देत, एक देवी चालेल. मग जाऊबाईंच्या माहेरच्यांनी सांगितलं की तुळजापूरला जाऊन अक्कलकोटला न जाणं बरं नाही. अक्कलकोट झालं की गाणगापूर काय, हाकेवर. मग पंढरपूर सुटतंय म्हणून कुणी हळहळलं, तर परतीला घेऊ असं ठरलं. आणि नवरात्र संपता संपता दिरांच्या डोक्यात आलं की आपण शनिवारी निघतोय, तेव्हा शिंगणापूरला तेल वाहूनच निघावं.

शिंगणापूर आमच्या घरापासून उलट्या दिशेला आहे. म्हणजे आम्ही मुलांना घेऊन भिंगारहून आधी देवळालीला मागं जायचं, तिथून शनीला, आणि मग त्याच गाडीतून आपल्याच घरावरून सोलापूरकडं जायचं. मी ग्रुपवर तसं लिहिलं. दिरांनी उत्तर दिलं, "आमाला वाटेवरच हाय, मॅडम." मी मास्तरीण असल्यामुळं दीर मला मॅडम म्हणतात. त्यात आदर किती आणि चिमटा किती, हे त्यांच्या मिशीलाच ठाऊक.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा एके सकाळी बघते तर ग्रुपचं नाव बदललेलं. 'श्री क्षेत्र दर्शन'. गोलघुमटाच्या जागी देवीचा मुखवटा. आणि खाली कार्यक्रम. पहिला दिवस, दुसरा दिवस, तिसरा दिवस, सगळे देवांनी भरलेले. सगळ्यात शेवटी एक ओळ होती: वेळ उरल्यास विजापूर.

वेळ उरल्यास! पोरीनं जूनपासून फ्रीजवर चिकटवलेलं चित्र, आणि ते 'वेळ उरल्यास'! मी मोबाईल आदळणार होते, पण त्याचे हप्ते अजून चालू होते म्हणून गादीवर आदळला. नवऱ्याला म्हटलं, आत्ताच्या आत्ता भावाला फोन लावा. त्यानं दाढीचा फेस पुसला आणि म्हणाला, "आता देवाला नको कसं म्हणायचं? बघू, तिथं गेल्यावर काढू वेळ."

हीच तर सगळी गोम आहे. देवाला नको म्हणता येत नाही. जाऊबाईंच्या सोलापुरी चादरींना नको म्हणता येतं, दिरांच्या ढाब्याला नको म्हणता येतं, पण एकदा मध्ये देव आणून बसवला की समोरचा माणूस मुका होतो. आणि मुकी बिचारी कुणीही हाका. त्या देवांनी कधी म्हटलं होतं की एका पोरीची तोफ काढून घ्या आणि मग माझ्याकडं या?

निघायच्या आधी तीन-चार दिवस मी मुलांच्या बॅगा काढल्या. धाकट्यानं आपली बॅग दोन मोटारी आणि एक स्वेटर घालून भरून टाकली. लेकीची बॅग पलंगावर तशीच रिकामी पडून.

"तुझी भर ना."

"निघाल्यावर भरते."

"निघाल्यावर कशी भरशील?"

"दोन ड्रेस तर आहेत. रिक्षा आली की टाकते." मग म्हणाली, "मागच्या वेळी सगळं भरलं होतं, मग सगळं परत काढून ठेवायला लागलं. दुर्बीण पण घेतली होती."

तिनं तक्रार केली नाही. तिनं अनुभव सांगितला. अकरा वर्षांची पोर आणि आशेला इतकी काटकसर! मी स्वयंपाकघरात जाऊन कणीक तिंबली. त्या दिवशीच्या पोळ्या चामड्यासारख्या झाल्या आणि कुणी काही बोलायची हिंमत केली नाही.

आणि दुसऱ्याच दिवशी दिरांचा ग्रुपवर निरोप आला. वाडीवरचे चुलते वारले. सुतक लागलं. दर्शन रद्द. भावपूर्ण श्रद्धांजली. खाली जोडलेले हात.

हे चुलते म्हणजे सासऱ्यांचे चुलतभाऊ. माझ्या लग्नाला ते आले नव्हते, सासरे गेले तेव्हा आले नव्हते. बांधावरून दोन घरांत भांडण होतं आणि एका घरचं कुत्रं दुसऱ्याच्या वावरात गेलं तरी शिव्या ऐकू यायच्या. मी त्यांना एकदाच पाहिलं, तेही बाजारात, आणि नवऱ्यानं मला कोपरानं ढोसून दुसऱ्या गल्लीत नेलं. पण भाऊबंदकी भांडणाला तुटते, सुतकाला तुटत नाही. तेव्हा दहा दिवस देवळाची पायरी चढायची नाही, आणि सुट्टी तर आठवड्यात संपत होती.

म्हणजे बघा कसं झालं. आमच्या सहलीत नुसती तोफ असती तर कुणाच्या सुतकानं तिचं काय बिघडणार होतं? पण सहल देवांनी गच्च भरून ठेवली, आणि मग देवच बंद झाल्यावर सहलीत उरलंच काय? एवढी अक्कलहुशारी फक्त आमच्याच घरात सापडेल.

भेटायला जाणं भाग होतं म्हणून आम्ही चौघं देवळालीला गेलो. आधी वाडीवर जाऊन बसलो, मग दिरांच्या घरी. ओसरीत दीर खुर्चीत, नवरा कॉटच्या कडेला, सासूबाई भिंतीला टेकून तांदूळ निवडत. जाऊबाईंनी बिनदुधाचा चहा दिला. लेक खांबाला टेकून उभी होती आणि पायाच्या अंगठ्यानं फरशीची फट कोरत होती. तिनं कुणाला काही विचारलं नव्हतं. बसमध्येही नाही. तिला सगळं आधीच माहीत होतं.

मी म्हटलं, "दादा, देवळं राहिली हे खरं. पण विजापूरला जायला काय हरकत आहे? तिथं कुठला देव आहे?"

दिरांनी कप खाली ठेवला. "मॅडम, घरात सुतक हाय."

"तोफेला कसलं सुतक?"

"लोकं काय म्हनतील? चुलता मेला आन ह्ये निघाले गुंबज बघाया."

"ज्या चुलत्याचं तोंड बघत नव्हतात त्याच्यासाठी?"

नवरा म्हणाला, "अगं, जाऊ दे." मी म्हटलं, "कुठं जाऊ देऊ? कुठंच तर जाऊ देत नाही तुम्ही." माझा आवाज चढलेला मला ऐकू येत होता आणि तो खाली आणावा असं मला अजिबात वाटत नव्हतं. मी बोलत सुटले. वेरूळ काढलं, रायगड काढला. म्हटलं, पोरीला तुम्ही किती वेळा फसवणार? देव तुमचे, गाडी तुमची, सुट्टी तुमची, मेलेला माणूसही तुमचा, मग यात तिचं काय आहे? देवाचं नाव घेतलं की तुम्हाला कुणाला उत्तर द्यावं लागत नाही, म्हणून तुम्हाला देव हवा असतो.

दीर म्हणाले, "शिकल्याली मानसं. काय बोलनार आमी." आणि ते नवऱ्याकडं बघायला लागले. आता तू बोल, असं.

नवरा म्हणाला, "बघू."

त्या दिवशी मी त्याच्यावर काय ओरडले असते देव जाणे. पण त्याआधी सासूबाईंनी तांदळाचं सूप बाजूला सारलं. पदरावरची फोलकटं झटकली आणि म्हणाल्या, "म्या येती."

कुणालाच कळेना. दीर म्हणाले, "कुठं येतीस?"

"हिच्यासंगं. इजापूरला. तोप बघाया."

"आई, सुतक हाय."

"तेच म्हन्ते. देवाला जाता येत न्हाई. तोपंला जाता येतंय."

"आन तुझा नवस?"

"कसला नवस?" सासूबाई म्हणाल्या. "म्या बोलले तवा देवळात कोन हुतं? मला तरी कुठं याद हाय काय बोलले हुते ते."

मग त्या माझ्याकडं वळल्या. त्यांचा स्वर भांडणाचा नव्हता, पण मऊही नव्हता. म्हणाल्या, "तुला वाटतं मला लई देव देव हाय. तुझ्या सासऱ्यानं आन त्येच्या भावानं आगगाडीनं म्हैसूर बघितलं. म्या म्हनले मला पन न्या. तर म्हनले बाईमानसाला काय करायचं गाव बघून. दुसऱ्या साली म्या म्हनले, तुळजापूरचा नवस हाय. लगीच बैलगाडी जुपली. व्हय, लगीच. तवापून म्या नवसच बोलते. देवाबिगर मला कुठं सोडलंय कुनी?"

दीर जमिनीकडं बघत होते. जाऊबाई दारात थांबलेल्या होत्या, हातात चहाची किटली. त्या आत गेल्या नाहीत.

आता कुणाला वाटेल की हे ऐकून माझा राग निवळला. मुळीच नाही. मी इतकी वर्षं या बाईवर मनातल्या मनात चरफडत होते. प्रत्येक सहलीत हिचा एक नवस आडवा यायचा, आणि मी म्हणायचे, म्हातारीला दुसरं काही सुचतच नाही का. तिला सुचत होतं. तिला म्हैसूर सुचत होतं. तिचं सगळं फिरणं देवाच्या परवानगीवर चाललं होतं, कारण माणसांची परवानगी कधी मिळतच नव्हती. आणि मग तेच देव तिच्या नातीच्या वाटेत आडवे पडले. माझा राग वाढलाच, फक्त त्याला आता नीट पत्ता मिळाला.

दीर शेवटी म्हणाले, गाडी मिळनार न्हाई, दहाव्याच्या तयारीला लागंल. मी म्हटलं, आम्ही मागितलीच नाही. नवरा दहाव्यासाठी थांबणार होता. त्यानं आमची बसची वेळ काढून दिली आणि सासूबाईंच्या गुडघ्याचं औषध बॅगेत ठेवलं. त्याच्याकडून तेवढं झालं, आणि ते मी नोंदवून ठेवते, कारण नंतर म्हणेल की मी त्याचं काहीच सांगितलं नाही.

निघायच्या सकाळी रिक्षा दारात येऊन उभी राहिली, तेव्हा लेकीनं दोन ड्रेस बॅगेत टाकले. दुर्बीण घेतली नाही.

सोलापूरपर्यंत धाकटा झोपला. लेक झोपली नाही. ती पाट्या वाचत होती. करमाळा, टेंभुर्णी, मोहोळ. बस थोडी वळली की मान वर करून बघायची. सोलापूरच्या स्टँडवर विजापूरच्या बसची वाट बघत बसलो, आणि नेमकी समोर येऊन लागली ती तुळजापूरची बस. कंडक्टर ओरडायला लागला, तुळजापूर, तुळजापूर, बसा लवकर. सासूबाई उठल्या. बाकावरची पिशवी त्यांनी उचलली.

लेकीनं आजीकडं पाहिलं. तिचा चेहरा बंद झाला, दुकानाची फळी लावावी तसा. मी उठून उभी राहिले. भर स्टँडात भांडायची माझी तयारी होती.

सासूबाईंनी पिशवी दुसऱ्या बाजूला ठेवली, कारण ऊन आलं होतं. मग बसकडं बघून लांबूनच हात जोडले आणि पुटपुटल्या, "बाई, यंदा सुतक हाय." परत बसल्या. लेकीला म्हणाल्या, "सरक जरा, उन्हात बसलीयास." तुळजापूरची बस भरून निघून गेली.

विजापूरला पोचलो त्या संध्याकाळी काही पाहता आलं नाही. दुसऱ्या दिवशी मी ठरवलं होतं की गोलघुमट नंतर, महाल नंतर, आधी तोफ. मध्ये काहीही वाटेवर आलं तरी थांबायचं नाही. टांगेवाल्याला मी तसं इतक्या कडक आवाजात सांगितलं की तो बिचारा दचकला. त्यानं वाटेत कुठली तरी कमान दाखवायला हात वर केला, तोही मी खाली घ्यायला लावला.

बुरुजाच्या पायऱ्या सासूबाई हात टेकत टेकत चढल्या. धाकटा आधीच वर पोचला होता आणि ओरडत होता, "ताई, हत्ती! खरंच हत्ती आहे!" लेक सावकाश चढली. शेवटच्या पायरीवर थांबली. तोफ फोटोत दिसते त्याहून मोठी होती. तो वासलेला जबडा, ते दात, आणि त्यात अडकलेला हत्ती. लेक जवळ गेली आणि तिनं तळहात तोफेवर ठेवला. दुपार होत आली होती, दगड तापले होते.

"गार आहे," ती म्हणाली. मग धाकट्याचा हात धरून तिथं लावला. "बघ. आपल्याकडं बनली आहे ही."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचाही मला राग आला. एका तोफेला हात लावणं एवढं अवघड का असावं? एका पोरीला एवढंसं दाखवायला एक मृत्यू, एक भांडण आणि एका म्हातारीचं आयुष्यभराचं गुपित का लागावं?

सासूबाई माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी सवयीनं डोक्यावर पदर घेतला आणि मला विचारलं, "हिला हात जोडायचे का?"

"नाही आई. हिला नाही जोडत."

"बरं हाय," त्या म्हणाल्या. त्यांनी पदर खाली घेतला. "मग नुसतं बघते." आणि बराच वेळ त्या नुसत्या बघत राहिल्या, तोफेकडं आणि बुरुजाखाली पसरलेल्या त्या गावाकडं. मी त्यांना घाई केली नाही.

मी आम्हा चौघांचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. 'श्री क्षेत्र दर्शन' असं वर लिहिलेलं, आणि खाली तोफ. दिरांनी उत्तरादाखल जोडलेले हात पाठवले. सवयच तशी. जाऊबाईंनी मात्र मला वेगळा निरोप पाठवला, फक्त मलाच: पुढच्या वेळी मला पण सांगा.

परतीच्या बसमध्ये लेक खिडकीशी, मी शेजारी. पलीकडं सासूबाईंच्या मांडीवर धाकटा झोपलेला. गंगेत घोडं न्हालं होतं. वचन पाळलं होतं. मला वाटत होतं, आता हिचा विश्वास बसेल. आता ही पुन्हा पोरांसारखी नाचेल, आधीपासून बॅग भरेल. मी विचारलं, "आवडलं ना?"

"खूप," ती म्हणाली. आणि ते खरं होतं, तिचे डोळे सांगत होते. मग म्हणाली, "आई, पुढच्या वेळी कुठं जायचं असलं ना, तर मला आधी नको सांगू. पोचल्यावर सांग."

"का गं?"

"असंच. म्हणजे नाही झालं तरी चालतं."

मला पुन्हा भडकून उठावंसं वाटलं, पण त्या बसमध्ये ज्यांच्यावर भडकायचं ते कुणीच नव्हते. ते सगळे देवळालीला दहाव्याच्या तयारीत होते. मी तिचा हात धरला. म्हटलं, "आधीच सांगणार. चार महिने आधी सांगणार. आणि नेणार म्हणजे नेणार. कळलं?"

तिनं माझ्या हातातला हात काढून घेतला नाही. ती खिडकीबाहेर बघत होती. अगदी तिच्या बाबांच्या आवाजात, शांतपणे, मला जराही न दुखावता ती म्हणाली, "बघू."